राणीची लेस आणि माझा शालू

मैत्रिणींनो, एक विचारू? तुमचा लग्नातला शालू आत्ता कुठं आहे?

हसू नका. २०११ सालापर्यंत मला कुणी हे विचारलं असतं, तर मीही तोऱ्यात सांगितलं असतं, "अहो, आहे की ट्रंकेत! अजून नवा कोरा आहे." बत्तीस वर्षांत तो शालू मी उण्यापुऱ्या चार वेळा नेसले होते. लग्नात, पहिल्या मंगळागौरीला, धाकट्या दिरांच्या लग्नात आणि नव्या घराच्या वास्तुशांतीला. पुढं अंगानं भरले, ब्लाउज होईना, आणि शालू ट्रंकेत गेला तो गेलाच. गर्द डाळिंबी रंगाचा, अंगभर जरीचे बुट्टे असलेला बनारसी शालू. माझे वडील साताऱ्याला प्राथमिक शाळेत शिक्षक. १९७९ साली त्यांनी पतपेढीचं कर्ज काढून तो घेतला होता. त्याचे हप्ते माझं पहिलं बाळंतपण होईस्तोवर ते फेडत होते, हे मला फार उशिरा कळलं.

तर २०११च्या उन्हाळ्यात माझ्या लेकीचं लग्न ठरलं. मार्गशीर्षातला मुहूर्त निघाला. खरेदीची यादी करायला बसलो, तर ही म्हणते, "आई, नवा शालू नको. मी तुझाच नेसणार."

माझ्या पोटात गोळाच आला. "वेड लागलंय का तुला? तिकडची माणसं काय म्हणतील? एकुलत्या एका लेकीला आईबापांना शालू घेता आला नाही?" शब्दानं शब्द वाढला. ती रुसली, मी रडले, आणि विषय तसाच लोंबकळत राहिला. नेमकं त्याच सुमाराला माझ्या थोरल्या नणंदबाईंना त्यांच्या मुलानं लंडनला बोलावलं. एकट्या कशा जाणार, म्हणून सोबतीला मी. "जाऊन ये तीन आठवडे, डोकं जरा शांत होईल," असं ह्यांचं म्हणणं.

आणि गंमत बघा, घरातल्या शालूपासून पळून मी सातासमुद्रापार गेले, आणि तिथं बघितलं काय, तर नवऱ्या मुलींचे पोशाख!

बकिंगहॅममधली बिनडोक्याची नवरी

त्याच वर्षी २९ एप्रिलला राजपुत्र विल्यम आणि केट यांचं वेस्टमिन्स्टर ॲबीत लग्न झालं होतं. तुमच्यापैकी पुष्कळजणींनी ते टीव्हीवर पाहिलं असेल. बकिंगहॅम राजवाड्यातले दरबारी महाल १९९३ पासून उन्हाळ्यात तिकीट काढून लोकांना बघता येतात. त्या उन्हाळ्यात तिथं केटचा लग्नाचा पोशाख मांडून ठेवला होता. सहा लाखांहून अधिक माणसं तो बघून गेली, आणि त्यात आम्ही दोघी!

झुंबरांखालून, सोनेरी खुर्च्यांच्या कडेकडेनं रांग सरकत होती. शेवटी एकदाच्या त्या नाचाच्या दालनात पोचलो, आणि वन्सं मोठ्यानं म्हणाल्या, "अगं बाई! डोकं कुठाय हिचं?" पोशाख बिनडोक्याच्या पुतळ्यावर चढवलेला, आणि वर हवेत तरंगावी तशी जाळीची ओढणी अन् हिऱ्यांचा मुकुट. शेजारच्या गोऱ्या बायका मराठी न कळताही हसल्या.

पण जवळ गेल्यावर आमची बोलती बंद झाली. हस्तिदंती रंगाचं रेशमी सॅटिन, गळ्यापासून मनगटापर्यंत लेस, पाठीवर कापडानं मढवलेली इवलाली ५८ बटणं आणि मागं पावणेतीन मीटरचा सोगा. लेसमध्ये गुलाब, थिसलचं काटेरी फूल, डॅफोडिल आणि शॅमरॉकचं तीन पानी पान. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड यांच्या या खुणा. पोशाख बेतला सारा बर्टन या बाईंनी, अलेक्झांडर मॅक्वीन या नामांकित पेढीसाठी. ही सगळी फुलंपानं सुटी कापून जाळीवर हातानं टाचलेली होती. दोन-तीन मिलिमीटरवर एक टाका! काम करणाऱ्या बायकांना शिस्त अशी की दर अर्ध्या तासानं हात धुवायचे आणि दर तीन तासांनी सुई बदलायची. लेसला बोटाचा डाग लागता कामा नये आणि सुईचं टोक बोथट होता कामा नये.

"म्हणजे आमच्या सासूबाईंच्या सोवळ्यासारखंच की गं," वन्सं म्हणाल्या.

हे काम करणारे हात कुठले, तर हॅम्प्टन कोर्टमधल्या 'रॉयल स्कूल ऑफ नीडलवर्क' या भरतकामाच्या शाळेतले. भाच्यानं सांगितलं, तसा आम्ही हट्टच धरला आणि दोन दिवसांनी तिकडं गेलो. वॉटर्लू स्टेशनातून आगगाडीनं पस्तीसेक मिनिटं लागतात. थेम्सच्या काठी लालचुटुक विटांचा हा वाडा, सहा बायका केलेल्या त्या आठव्या हेन्रीचा. उंच उंच धुराडी, फरसबंद चौक आणि मागं बागा. १८७२ साली निघालेली ही शाळा १९८७ पासून याच वाड्यात आहे. काढण्यामागं हेतू दोन होते. हाताच्या भरतकामाची विद्या मरू नये, आणि शिकल्या-सवरल्या पण गरजू बायकांना मानानं चार पैसे मिळावेत.

मैत्रिणींनो, त्या चौकात उभी असताना मला आमच्या गावातल्या, शिवणाच्या यंत्रावर पोरं वाढवणाऱ्या बायका आठवल्या. पोशाख नवरीचा म्हणून मिरवतो, पण तो असतो किती जणींचा!

राजकन्येलाही कूपनं लागली

वेस्टमिन्स्टर ॲबी तर बघायलाच हवी. तिथं आत पाऊल टाकताना माझ्या मनात केट नव्हती, होती राणी एलिझाबेथ. तिचं लग्न इथंच २० नोव्हेंबर १९४७ रोजी झालं. आपल्याला स्वातंत्र्य मिळून तीनच महिने झाले होते. इंग्लंड महायुद्ध जिंकलेलं खरं, पण घरात खायची आणि ल्यायची मारामार. कपडे १९४१ पासून रेशनवर! कापड घ्यायचं तर पैशाबरोबर कूपनं मोजायची. राजकन्येला सरकारनं २०० कूपनं जादा दिली. देशभरातल्या बायकांनी आपापली कूपनं पोस्टानं राजवाड्यावर पाठवली, पण दुसऱ्याची कूपनं वापरणं बेकायदा, म्हणून ती सगळी परत पाठवावी लागली. ही हकिगत ऐकून माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आपल्या मुलांच्या कपड्यांतून काटकसर करून, कधी न भेटलेल्या पोरीच्या लग्नासाठी कूपनं धाडणाऱ्या त्या बायका कोण असतील?

पोशाख बेतला नॉर्मन हार्टनेल या शिंप्यानं. हाती तीन महिनेसुद्धा नव्हते. साडेतीनशे बायका कामाला बसल्या. सॅटिन विणलं स्कॉटलंडमधल्या डनफर्मलिन गावी. त्यावर दहा हजार बारीक मोती, तेही अमेरिकेहून आणलेले. त्यातच लोकांनी एक शंका काढली. रेशमाच्या अळ्या जपानच्या किंवा इटलीच्या, म्हणजे कालपरवापर्यंतच्या शत्रूच्या तर नाहीत ना? हार्टनेलला खुलासा करावा लागला की अळ्या चीनच्या आहेत. बघा, लग्नघरात चिकित्सा करणारी माणसं सगळीकडे असतात!

त्या लग्नाला आपल्याकडूनही एक आहेर गेला होता. गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताचं विणलेलं लेसचं आच्छादन, आणि मधोमध 'जय हिंद' ही अक्षरं. हिऱ्यामाणकांच्या आहेरांत ते सूत ठेवलेलं होतं.

लग्नाच्या सकाळी मात्र धांदल उडाली. आजेसासूकडून आलेले दागिने आपण शेवटच्या क्षणी चढवतो ना, तसा राजकन्येनं आईकडचा हिऱ्यांच्या झालरीचा मुकुट घातला आणि तो मोडला! सोनाराकडून तो घाईघाईनं दुरुस्त करून घेतला. हा मुकुट लक्षात ठेवा, पुढं परत येणार आहे.

पंचवीस फुटांचा सोगा

सेंट पॉल्स कॅथीड्रलचा घुमट लंडनमध्ये लांबून दिसतो. आम्ही बसनं गेलो. समोर रुंद पायऱ्या. त्या पायऱ्यांवर २९ जुलै १९८१ रोजी वीस वर्षांची डायना काचेच्या बग्गीतून उतरली. त्या दिवशी जगभरातले कोट्यवधी लोक टीव्हीपुढं बसले होते. आमच्या गावात तेव्हा टीव्ही नव्हता. माझ्या कडेवर सहा महिन्यांची लेक होती, आणि पेपरातला फोटो बघून, "बाई बाई, केवढा हा सोगा," असं मी म्हटल्याचं मला अजून आठवतं.

सोगा होता पंचवीस फुटांचा. जवळजवळ आपल्या नऊवारीएवढा लांब! डेव्हिड आणि एलिझाबेथ इमॅन्युएल हे तरुण नवराबायको त्याचे बेतकार. हस्तिदंती तलम तफेता, हजारो मोती अन् टिकल्या, आणि राणी मेरीच्या संग्रहातल्या जुन्या आयरिश लेसचा तुकडा. पाऊस आला तर, म्हणून जुळती छत्रीही शिवून ठेवलेली. सगळ्याचा विचार केला, एक सोडून. बग्गी लहान होती! वडील आणि नवरी आत बसल्यावर एवढं कापड कोंबून भरावं लागलं. उतरली तेव्हा पोशाखावर सुरकुत्याच सुरकुत्या. त्यात सकाळी अत्तर सांडून पुढं डाग पडलेला. तो तिनं चालताना हातानं झाकला, असं तिला सजवणाऱ्या बाईंनी मागाहून सांगितलं.

पण माझ्या मनाला लागलं ते निराळंच. लग्न ठरल्यापासून ती पोरगी इतकी वाळत गेली की चोळीची कंबर शिंप्यांना पुन्हा पुन्हा आवळावी लागली. अंगावरच्या मापाकडं शिंप्यांचं लक्ष होतं. बाकी कुणाचं होतं का? पंधरा वर्षांनी, १९९६ साली घटस्फोट झाला आणि ३१ ऑगस्ट १९९७ला पॅरिसमधल्या मोटार अपघातात ती गेली. पोशाख मात्र राहिला. तो २०१४ साली तिच्या दोन मुलांकडं आला, आणि २०२१ मध्ये केन्सिंग्टन राजवाड्यात लोकांना बघायला मांडला होता.

पायऱ्यांवर बसून वन्संनी चहाचा पेला दोन्ही हातांत धरला होता. त्या म्हणाल्या, "केवढा खर्च, केवढी हौस. आणि पोरीच्या मनात काय चाललंय ते कुणी विचारलं नाही." मी काही बोलले नाही. माझ्या लेकीनं मला फोनवर दोन आठवड्यांत चार वाक्यंही नीट बोलली नव्हती, ते मला आठवत होतं.

विणकरांच्या वस्तीत

सेंट पॉल्सपासून पूर्वेला थोडं गेलं की स्पिटलफील्ड्स लागतं. राजवाडे बघून झाल्यावर इथं जरूर जा. फ्रान्समध्ये धर्मापायी छळ झाला म्हणून १६८५ नंतर पळून आलेले ह्युगेनॉट विणकर इथं वसले. फॉर्नियर स्ट्रीटवर त्यांच्या काळची घरं अजून उभी आहेत. मान वर करून बघा, माळ्याला लांबच लांब खिडक्या दिसतील. मागावर उजेड पडावा म्हणून ती सोय. कोपऱ्यावरची एक वास्तू १७४३ साली त्यांची प्रार्थनेची जागा म्हणून बांधली. नंतर ती ज्यूंची झाली आणि १९७६ पासून तिथं मशीद आहे. शेजारच्या ब्रिक लेनवर रस्त्यांची नावं बंगालीतही लिहिलेली! पोटासाठी घर सोडून आलेली माणसं, एकामागून एक त्याच गल्लीत.

याच वस्तीतल्या रेशमाचा पोशाख घालून राणी व्हिक्टोरियानं १० फेब्रुवारी १८४० रोजी लग्न केलं. तोवर राजघराण्यातल्या नवऱ्या बहुधा रुपेरी-सोनेरी घालत. १८१६ सालच्या राजकन्या शार्लटचा चंदेरी पोशाख आजही जपलेला आहे. व्हिक्टोरियानं पांढरा घातला, केसांत नारिंगीची फुलं माळली. पुढं हळूहळू पांढरा रंग म्हणजे नवरीचा रंग, असं तिकडं ठरून गेलं. पण एक सांगते, साध्या घरातल्या बायका नंतरही कितीतरी वर्षं रंगीत पोशाखातच लग्न लावत आणि तोच पुढं सणावाराला, चर्चला घालत. एका दिवसासाठी एक पोशाख ही चैन अलीकडची.

व्हिक्टोरियाच्या पोशाखाची खरी शान लेसची होती. डेव्हन परगण्यात समुद्रकाठी बिअर नावाचं खेडं आहे. (नावावर जाऊ नका!) तिथल्या बायका उशीवर टाचण्या रोवून, बारीक लाकडी रिळांवरचा धागा एकमेकींत गुंफत लेस विणायच्या. यंत्राची जाळी निघाली आणि यांची चूल विझायची वेळ आली. राणीनं मुद्दाम त्यांनाच काम दिलं. दोनशेहून अधिक बायका महिनोन्‌महिने विणत होत्या. काम संपल्यावर नमुना नष्ट केला, कुणी नक्कल करू नये म्हणून. पण हाताच्या लेसची चाल पुन्हा पडली. स्पिटलफील्ड्सचे माग मात्र टिकले नाहीत. १८६० साली फ्रान्सशी व्यापाराचा तह झाला, तिकडचं रेशीम विनाजकात येऊ लागलं आणि इथले माग एकेक करून थांबले.

केन्सिंग्टनच्या बागेतला बाक

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही केन्सिंग्टन गार्डन्समध्ये गेलो. व्हिक्टोरिया याच राजवाड्यात १८१९ साली जन्मली. डायना इथंच राहायची, आणि ती गेली तेव्हा याच्याच फाटकाशी लोकांनी फुलांचे डोंगर रचले होते. आम्ही आत गेलो नाही, बागेतच फिरलो. फाटकाबाहेरच्या दुकानात वन्संनी म्हाताऱ्या व्हिक्टोरियाचं एक चित्रकार्ड घेतलं, काळ्या पोशाखातलं.

बाकावर बसल्यावर भाचा सांगू लागला. राणीचा नवरा अल्बर्ट १८६१ साली वारला तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती. त्यानंतर चाळीस वर्षं तिनं काळाच रंग घातला. पण लग्नातली ती बिअरची लेस तिनं सोडली नाही. मुलांच्या लग्नकार्यांत ती काळ्या कपड्यांवर लावायची. धाकट्या लेकीला, बिआट्रिसला, १८८५ साली तिच्या लग्नात आपली ओढणी दिली. १८९७ साली राज्यारोहणाला साठ वर्षं झाली, तेव्हाच्या गाजलेल्या फोटोतही अंगावर तीच लेस आणि डोक्यावर तीच ओढणी. आणि १९०१ साली ती गेली, तेव्हा तिच्याबरोबर शवपेटीत ती ओढणीही ठेवली.

वन्सं कितीतरी वेळ हातातल्या कार्डाकडं बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "नवरा गेल्यावरसुद्धा घालायची?"

"घालायची की, आई," भाचा म्हणाला.

मैत्रिणींनो, आमचे भावोजी २००२ साली गेले. वन्संना तेव्हापासून कुणी काही बंदी केली नव्हती हो. पण हळदीकुंकवाला बोलावणं येईनासं झालं. गडद साड्या त्यांनी आपणहून लेकीसुनांना वाटल्या. लग्नकार्यात त्या मागच्या खोलीत बसून अक्षता निवडायच्या. आणि यातलं सगळं मी बघितलेलं होतं, मीही त्यात होते. कधी एक शब्द बोलले नव्हते.

"माझा शालू आहे गं अजून," वन्सं म्हणाल्या. "दर दसऱ्याला नि पाडव्याला काढते, उलगडते, पुन्हा घडी घालते. तेवढीच त्यांची आठवण."

ट्रंक उघडली तेव्हा

घरी आल्यावर पहिलं काम केलं ते ट्रंक उघडली. लेकीला हाक मारली. म्हटलं, "ये, बघू तुला कसा दिसतो." प्लॅस्टिकच्या पिशवीतून शालू काढला आणि उलगडायला गेले, तर ट्‌र्र असा आवाज झाला. घडीवर घडी, सरळ रेषेत रेशीम चिरत गेलं होतं. जर काळी पडलेली, आत डांबरगोळ्यांचे डाग. बत्तीस वर्षं मी 'जपलेला' तो शालू माझ्या हातातच फाटला. वडिलांचे ते हप्ते आठवले आणि मी मटकन खाली बसले.

लेक काही बोलली नाही. माझ्याशेजारी जमिनीवर बसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा आम्ही मायलेकी एकमेकींना धरून रडलो.

चार दिवसांनी वन्सं आल्या, हातात पांढऱ्या मलमलीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. दारातच म्हणाल्या, "राग मानू नकोस. माझा शालू चांगला आहे. पण माझा... शुभकार्यात चालेल का तुम्हाला?"

खरं सांगते, क्षणभर माझी जीभ अडखळली. 'लोक काय म्हणतील' हे माझ्या ओठांवर आलंच होतं. मग मला केन्सिंग्टनचा तो बाक आठवला. म्हटलं, "वन्सं, चालेल काय, धावेल! पण एका अटीवर. तुम्ही मागच्या खोलीत बसायचं नाही."

मार्गशीर्षात लेक आत्याचा हिरवा शालू नेसून बोहल्यावर उभी राहिली. माझ्या शालूचा पदर तेवढा धड होता. रफूवाल्याकडून तो सारखा करून त्याचा अंतरपाट केला. मंगलाष्टकं म्हणताना वन्सं लेकीच्या मागंच उभ्या होत्या. चार बायका कुजबुजल्या. कुजबुजू देत. माझ्या विहीणबाईंनी मात्र शालूवरून हात फिरवून विचारलं, "इतका कसा हो टिकवलात?"

शालू टिकवायचा तर

तर ते वन्संचं शास्त्र तुम्हालाही सांगते. माझी चूक तुमच्याकडून नको. शालू-पैठणी प्लॅस्टिकमध्ये कधीही कोंडू नका. स्वच्छ धुतलेल्या मलमलीत किंवा जुन्या सुती धोतरात गुंडाळा. वर्षातून दोनतीनदा उलगडून सावलीत वारा द्या, आणि दर वेळी घडी बदला. रेशीम घडीवरच तुटतं, हे मला महागात पडलेलं ज्ञान! जरीला डांबरगोळी टेकू देऊ नका. नेसल्यावर घाम वाळू द्या, मगच ठेवा. सेंट कधी साडीवर मारू नका, डायनाचा डाग आठवा. पिना काढून ठेवा, नाहीतर गंजतात. जड जरीची साडी हँगरला वर्षानुवर्षं टांगू नका. आणि ऊन, भगभगीत दिवा यांपासून दूर ठेवा. संग्रहालयांत अशा जुन्या कापडांवर अगदी मंद, पन्नास लक्सच्या आसपास उजेड ठेवतात, उगीच नाही.

आणि सगळ्यांत मुख्य म्हणजे, नेसा! किंवा कुणाला तरी नेसू द्या.

२०२० सालच्या टाळेबंदीत १७ जुलैला विंडसरला मोजक्या माणसांत एक लग्न झालं. राणी एलिझाबेथच्या नातीचं. तिचंही नाव बिआट्रिस. तिनं नवा पोशाख शिवलाच नाही. आजीचा, हार्टनेलनं शिवलेला, १९६२ साली आजीनं एका सिनेमाच्या खेळाला घातलेला पोशाख घेतला, त्याला नव्या बाह्या लावल्या आणि तोच घातला. डोक्यावर मुकुट कुठला? तोच, १९४७ साली मोडलेला आणि सांधलेला! बातमी वाचून मी लेकीला लगेच फोन केला. म्हटलं, "बघ, राणीच्या नातीनं तुझी नक्कल केली."

ती हसली. तिच्या मांडीवर तेव्हा पाच महिन्यांची माझी नात होती. १८४१ साली व्हिक्टोरियाच्या पहिल्या बाळासाठी स्पिटलफील्ड्सचं रेशीम आणि होनिटनची लेस घेऊन एक झबलं केलं होतं. ते राजघराण्यातल्या बाळांना २००४ सालापर्यंत बाप्तिस्म्याला घालत होते. मग फारच जीर्ण झालं, म्हणून तसंच दुसरं शिवलं. आमच्याकडं झबलं नाही, पण माझ्या फाटक्या शालूचे काठ नि बुट्ट्यांचे धड तुकडे मी ठेवले होते. मऊ सुती अस्तर लावून वन्संनी त्याची कुंची शिवली. नातीच्या बारशाला तीच घातली.

वडिलांचा शेवटचा हप्ता कधी फिटला, ते मला ठाऊक नाही. पण त्या डाळिंबी रेशमातून नातीचा चेहरा बघताना वाटलं, आता फिटला.

तर मैत्रिणींनो, आज दुपारी जरा वेळ काढा. ट्रंक उघडा. आणि लेक घरात असेल, तर तिलाही शेजारी बसवून घ्या.